सुताच्या गुंड्यातली पाचशेची नोट

उसनी घेतलेली नोट, तीच, त्याच माणसाच्या हातात परत द्यायची, हा नियम मी माझ्या खेळात कधी मोडला नाही. बाकी सगळं खोटं असायचं. मंत्र खोटा, हरवल्याचं सोंग खोटं, कपाळावरचा घाम पुसणंही खोटं. नोट मात्र तीच.

हा खेळ मला एका प्रशिक्षण शिबिरात बरोबरच्या शिक्षकाने शिकवला, दोन दिवसांच्या चहाच्या बदल्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची अकरा अंबाडीच्या अलीकडच्या गावात. मुलांना हातच्याची बेरीज शिकवायची तर आधी त्यांनी फळ्याकडे बघायला हवं. फळ्यावर कुणाच्या तरी खऱ्या नोटेचा नंबर लिहिला की ती बघतात. पुढे ती नोट नाहीशी झाली तर डोळेही मिटत नाहीत. तेवढ्या वेळात मी दोन गणितं उरकून घ्यायचो.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं नवराबायको कामतघरला राहायला आलो. तिथल्या मंडळाच्या खोलीत मी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. तेवीस मुलं. कुणाचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कुणाची आई गोदामात. फी नाही. खोलीचं भाडंही नाही, कारण खोली धनेशची होती. धनेश तिशीतला, मंडळाचा अध्यक्ष. वडिलांनी बांधलेली सोळा खोल्यांची चाळ आणि दोन गोदामं तो सांभाळतो. सगळे त्याला दादा म्हणतात, माझ्या निम्म्या वयाचा असूनही मीसुद्धा. माझ्या वर्गातली बरीच मुलं त्याच्याच चाळीतली.

त्यात नेत्रा होती. पाचवीतली, बारीक अंगाची, दोन वेण्यांपैकी एक नेहमी सुटलेली. वडील भूपेश लूम चालवायचे, महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. आई मेघाली गोदामात पॅकिंगला जायची. कुटुंब मूळ वाड्याच्या बाजूचं. एकदा मी फळ्यावर घाईत छप्पन्नच्या जागी पंचावन्न लिहिलं, तर ही उठून उभी. "गुरुजी, चुकलं." मी गमतीने म्हटलं, "मी गुरुजी आहे ना? मग पंचावन्नच." त्यावर ती म्हणाली, "तुम्ही गुरुजी असलात तरी सात आठे छप्पन्नच." सगळा वर्ग हसला. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तिला बसवायचं मी तेव्हाच ठरवलं.

जूनमध्ये मंडळाचा वह्यावाटपाचा कार्यक्रम झाला. चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव, खुर्च्या, मागे धनेशदादाचा हात जोडलेला भला मोठा बॅनर. वह्या वाटून झाल्या आणि दादानेच माईकवरून सांगितलं, "आता गुरुजी आपल्याला जादू दाखवणार."

मी माझी कापडी पिशवी घेऊन पुढे गेलो.

"दादा, एक नोट द्या. परत मिळेल याची खात्री मी देत नाही."

"मग देऊ कशाला?"

"मुलांच्या शिक्षणासाठी. आणि पावती मागायची नाही."

त्याने हसत खिशातून शंभरची काढली. मी ती दोन बोटांत धरून बॅनरकडे पाहिलं, मग नोटेकडे, मग पुन्हा बॅनरकडे. "दादा, बॅनर केवढा आणि नोट केवढी!"

पोरांनी आरडाओरडा सुरू केला. "पाचशे! पाचशे!" दादाने बंडल काढलं, त्यातली एक पाचशेची ओढली आणि वर धरली. "घ्या, नाहीतर पोरं मला घरी जाऊ द्यायची नाहीत."

मी नेत्राला बोलावलं. तिने ती नोट दादाच्या हातातून घेतली, बोट ठेवत नंबर वाचला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. सात, तीन, शून्य, नऊ, चार, सहा. नुकत्याच मिळालेल्या नव्या वहीच्या पहिल्या पानावरही लिहून घेतला. मी मुलांना विचारलं, "बेरीज?" चहूबाजूंनी "एकोणतीस!" आलं.

"आणि उलटीकडून केली तर?"

अर्धी मुलं पुन्हा बोटं मोजायला लागली. नेत्रा म्हणाली, "तेवढीच येणार ना गुरुजी!" मोठी माणसंही हसली.

मग मी नोटेची घडी केली, पाकिटात घातली, पाकिटावर फुंकर मारली आणि आतली नोट काढून दादाच्या हातात दिली. त्याने ती उघडली. ती चुरणाच्या पुडीबरोबर मिळते तसली खेळण्यातली नोट होती.

"गुरुजी, ही खोटी हाय!"

"खोटी कशी? नीट वाचा. पाचशेच लिहिलंय."

"वर मनोरंजन बँक लिहिलंय!"

"मग मनोरंजन झालं ना? आपला व्यवहार पूर्ण झाला."

मांडव हसण्याने हलला. चाळीतली ठकुबाई, साठीची, तोंडाने फटकळ, मागून ओरडली, "दादा, ह्या महिन्याचा भाडा आमी याच बँकेतून देऊ!" त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. दादाने ती नोट उंच धरून सगळ्यांना दाखवली. मोबाइल वर झाले.

माझं खरं काम त्या हसण्याच्या आडोशाला होतं. पिशवीत लूमवरच्या टाकाऊ सुताचा गुंडा असतो. त्याच्या पोटात पत्र्याची एक चपटी नळी खुपसलेली असते. घडी केलेली खरी नोट त्या नळीतून गुंड्याच्या मधोमध सरकवायची, नळी ओढून घ्यायची, गुंडा हाताने दाबायचा. झालं. लोक हसत असतात तोवर एवढं सहज होतं. मग गुंडा स्टीलच्या पेल्यात ठेवला. एका छोट्या मुलीला सुताचं टोक धरून पळायला सांगितलं. ती पळाली, गुंडा पेल्यात नाचत नाचत लहान झाला आणि शेवटी घडी घातलेली नोट तेवढी पेल्यात राहिली.

नेत्राने ती उघडून नंबर वाचला, फळ्याशी ताडून पाहिला आणि ओरडली, "जुळला!"

दादाने नोट न बघताच खिशात घातली.

चौथ्या दिवशी वर्ग चालू असताना तो आला. चप्पल न काढता माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"गुरुजी, जरा बोलायचा होता." त्याने खिशातून पाचशेची नोट काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ही नकली हाय."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो. तो हसला नाही.

"काल पंपावर दिली. पंपावाल्याने उजेडात धरली आणि बोलला, भाई, ये नहीं चलेगी. मी बोललो, तुझी नजर खराब असेल. म्हणून धामणकर नाक्यावर आपला एक सूतवाला हाय, त्याच्याकडे नोटा मोजायचा मशीन हाय, तिकडे गेलो. दोनदा टाकली, दोनदा मशीनने बाहेर फेकली. चार माणसं बसली होती तिथे."

"अरेरे. बाकीच्या नोटांत मिसळली असेल दादा."

"नाय. तुमची नोट मी वेगळ्या खिशात ठेवलेली, पोरांना दाखवायला. तीच दिली." त्याने आवाज खाली आणला. "मला पाचशेचं काय नाय गुरुजी. पाचशे माझे सकाळच्या नाश्त्याला जातात. पण पंपावर मागे पोरं होती. त्यांनी कार्यक्रमाचा व्हिडिओ बघितलेला. बोलली, दादा, मनोरंजन बँकेत खाता उघडलात काय?"

मुलं पाट्यांवरून मान वर करून ऐकत होती. मी म्हणालो, "दादा, माझ्या खेळात नोट बदलत नाही. तुम्ही दिलीत तीच मी परत केली."

"म्हणजे माझ्याकडेच नकली नोट होती?"

"तुम्हाला कुणीतरी दिली असेल."

"ते बंडल भाड्याचा होता. सोळा खोल्यांचा." तो माझ्याकडे बघत राहिला. "मग चाळीतल्या कुणीतरी मला फसवला, असं तुम्ही बोलताय."

मी असं म्हणत नव्हतो. पण मी जे म्हणत होतो त्याचा दुसरा अर्थ होत नव्हता, हे मला बोलता बोलताच कळलं. मी घाईने पाकीट काढलं. "तुमचं नुकसान नको. हे पाचशे घ्या."

"म्हणजे कबूल?"

मी हात मागे घेतला.

मग मी एक चूक केली. पिशवीतून गुंडा आणि नळी काढली आणि त्याला सगळं करून दाखवलं. नोट कशी सरकते, नळी कशी निघते. आयुष्यात मी हे कुणाला उघड करून दाखवलं नव्हतं. मला वाटलं, नोट सरळ आत जाते हे डोळ्यांनी पाहिलं की त्याची खात्री पटेल.

धनेशने नळी हातात घेऊन फिरवली. "अरे बापरे. एवढी हातचलाखी! मग एक जादा नोट ठेवणं तुम्हाला काय कठीण हाय?"

तेवढ्यात नेत्रा उठली. तिच्या हातात ती वही होती. "दादा, मी दोनदा वाचला नंबर. एकदा आधी, एकदा नंतर. हा बघा. जुळला."

धनेशने टेबलावरची नोट उचलली, वहीशी ताडून पाहिली. सात, तीन, शून्य, नऊ, चार, सहा. तो थोडा थांबला. मला वाटलं, सुटलो.

"जुळणारच," तो म्हणाला. "पोरांकडून पाढे पाठ करून घेता तसा या नोटेचा नंबरही आधीच पाठ करून घेतला असेल. पोरगी तुमचीच."

"मी पाठ नव्हता केला," नेत्रा म्हणाली. "मी वाचला."

"बाळा, मोठ्या माणसांच्या मध्ये बोलू नये," धनेश अगदी प्रेमाने म्हणाला, आणि नोट खिशात घालून निघून गेला.

घरी येऊन मी व्हिडिओ मिळवला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून दहा-बारा वेळा पाहिला. नंबरच्या जागी नुसती राखाडी रेघ दिसत होती. हसणं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं, माझंसुद्धा. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आयुष्यभर लोकांना हेच पटवत आलात ना, की तुमच्या हातात नोट बदलते? आता पटलंय त्यांना. आणि आता म्हणता, बदलत नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात पंधरा मुलं होती. तिसऱ्या दिवशी अकरा.

रविवारी सकाळी ठकुबाई आणि मेघाली घरी आल्या. ठकुबाई खुर्चीवर बसली नाही, दाराजवळ जमिनीवरच बसली. ती घाबरलेली मी प्रथमच पाहत होतो.

"गुरुजी, म्या तवा हसलू त्या भाड्याचा बोलून. आता दादा मलाच इचारतंय, तूच दिलीस काय म्हनून. मना नोटा वलखता येत न्हाय. पोराने आनून दिल्या, म्या दिल्या."

"ठकुबाई, तुमच्यावर कुणी..."

"येनार! सोळा घरां हायेत. दादा बोलला, दर घरात जाऊन इचारनार, आनि ज्याचा नाव येल त्याला पोलिसात देनार. कोनाचा तरी नाव येनारच ना?" तिने पदर तोंडाशी धरला. "तुमी म्हना ना, नोट बदलली म्हनून. तुमाला कोन काय बोलनार हाय? तुमी गुरुजी हाव."

मी मेघालीकडे वळलो. मी तिला विचारलं, "नेत्रा कशी आहे?"

"मारली काल मी तिला." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आजपर्यंत हात लावला न्हवता गुरुजी. दादा यांना बोलला, पोरीला खरं बोलायला लाव, न्हायतर महिनाअखेर खोली खाली कर. मी तिला सांगितला, बोल, गुरुजींनी पाठ करून घेतला. एवढा बोल आनि सुट. तर म्हणते, नंबर जुळला व्हता, मी खोटा कसा बोलू? मारली तरी तेच. चाळीतल्या पोरी तिला चोरटी बोलतात. तिच्याशी कोन खेळत न्हाय."

"ती खरं बोलतेय मेघाली."

"मना ठाव हाय." आता तिने वर पाहिलं. "पन या भाड्यात दुसरी खोली कुठं मिळनार हाय आमाला? शाळा हितं, तुमचा वर्ग हितं. आनि गावाला नेलं तर शिकल काय ती?"

त्या गेल्यावर मी बराच वेळ नळी हातात घेऊन बसलो. मी खरं धरून बसलो, तर एक खोली जाणार होती, कदाचित दोन, आणि पोलीस कुणाच्या तरी दारात येणार होते. ते दार कुणाचं, हे मला माहीत नव्हतं, आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. मी खोटं बोललो, तर एका म्हाताऱ्याचं नाव जाणार होतं. हे गणित मला सोपं वाटलं. मी पुन्हा पुन्हा तेवढीच दोन नावं मांडत होतो, चाळीचं आणि माझं. तिसरं माझ्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी मी धनेशला निरोप पाठवला, की चाळीतल्या लोकांना मंडळाच्या खोलीत बोलवा. चाळीस-पन्नास माणसं जमली. मुलं पुढे सतरंजीवर. नेत्रा मेघालीला टेकून बसली होती. तिच्या गालावर अजून वळ होता.

मी उभा राहिलो. "नोट मी बदलली," मी म्हणालो. "माझ्याजवळ एक नकली नोट कुठून तरी आली होती. ती खपवावी असा मोह झाला. नेत्राला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिलाही मी फसवलं."

 मग मागून एका माणसाने विचारलं, "पण गुरुजी, नंबर कसा जुळला?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. दुपारभर मी त्याचीच तयारी केली होती. मी खिशातून दोन नोटा आणि पाकीट काढलं, आणि जी चलाखी मी कधीच केली नव्हती ती करून दाखवली. पहिली नोट बोटांमागे कशी लपवायची, दुसरी पुढे कशी करायची.  एकही बोट चुकलं नाही. "नेत्राने जी नोट वाचली, ती आधीच माझी होती. दादांची नोट तिच्या हातात गेलीच नाही. म्हणून आधीचा नंबर आणि नंतरचा नंबर एकच."

लोकांमधून "आई शप्पत!" असा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "पुन्हा दाखवा." मी पुन्हा दाखवलं. वर एक विनोदही केला, म्हातारपणी पेन्शन पुरत नाही म्हणून. लोक हसले. ते हसणं सुटकेचं होतं, ठकुबाईचं सगळ्यात मोठं.

ते हसणं थांबल्यावर नेत्राचा आवाज आला. मोठा नव्हता.

"पण गुरुजी, नोट मी दादांच्या हातातून घेतली होती. तुमच्या नाही."

खरं होतं. तिथे बसलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि एकालाही आठवत नव्हतं. धनेशने माझ्याकडे पाहिलं. मेघालीने नेत्राचा दंड घट्ट धरला. मी नेत्राजवळ गेलो, खाली बसलो आणि ज्या आवाजात तिला भागाकार समजावत होतो त्याच आवाजात म्हणालो, "तुला तसं वाटलं, बाळा. तसं वाटावं म्हणूनच तर मी ते केलं. डोळ्यांना दिसतं ते सगळं खरं नसतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्या नजरेला नजर दिली. खेळ करणाऱ्याला ती सवय असते.

धनेश उठला, मी पुढे केलेले पाचशे त्याने घेतले, नकली नोट फाडून तुकडे कोपऱ्यातल्या डब्यात टाकले. "झाला. विषय संपला. गुरुजींनी मोठ्या मनाने कबूल केला, आपणही मोठ्या मनाने सोडून द्यायचा. वर्ग चालू राहील. फक्त गुरुजी, तो खेळ आता नको." आणि मेघालीला म्हणाला, "वहिनी, खोलीचा टेन्शन घेऊ नका. पोरगी हुशार हाय, शिकवा तिला."

आठवड्याभरात मुलं परत आली. तेवीसच्या जागी एकवीस, पण आली. रस्त्यात काही लोक मला बघून पाकिटावर हात ठेवायचे आणि हसायचे, त्याचं मला फार वाटलं नाही. चाळीतल्या मुली नेत्राशी पुन्हा खेळू लागल्या. तीही रोज यायची, दुसऱ्या रांगेत बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची.

आषाढ संपता संपता एके दिवशी मी फळ्यावर वजाबाकी घातली. पाच हजारांतून दोन हजार तीनशे सत्तेचाळीस. हातचे घेताना शून्यांत मुलं अडखळतात, म्हणून मुद्दाम घातली होती. नेत्राने सगळ्यांच्या आधी केली. मी मागून फिरत होतो, मला दिसलं. दोन हजार सहाशे त्रेपन्न. बरोबर. मग तिने शेजारी बसलेल्या पूर्वी नावाच्या मुलीच्या वहीत पाहिलं. पूर्वीने तीन हजार सहाशे त्रेपन्न लिहिलं होतं. नेत्राने आपल्या उत्तरातला पहिला दोन खोडरबराने पुसला आणि तिथे तीन लिहिला.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं.

"तुझं बरोबर होतं. पुसलंस का?"

"पूर्वीचं वेगळं होतं."

"मग पूर्वीचं चुकलं असेल."

"मला कसं कळणार?"

"पडताळा करून. उत्तरात वजा केलेली संख्या मिळवायची. आपण किती वेळा केलंय."

"तो पण मीच करणार ना," ती म्हणाली.

मी दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर खाली बसलो. गेले पाच आठवडे जे मनात होतं ते मी बोललो. "नेत्रा, ऐक. नोट तीच होती. तू दादांच्या हातातून घेतलीस, नंबर नीट वाचलास, दोन्ही वेळा. तू अगदी बरोबर होतीस. मी नोट बदलली नव्हती."

ती विचार करत होती. ती विचार करते तेव्हा खालचा ओठ दाताखाली धरते.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही खोटं बोललात?"

"हो. तुमची खोली जाऊ नये म्हणून. तुला कुणी चोर म्हणू नये म्हणून."

"आणि मला म्हणालात, तुला तसं वाटलं."

"तेही खोटं होतं."

"तेव्हा पण तुम्ही असंच बसून सांगितलं होतं," ती म्हणाली. "अगदी असंच."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी म्हणू शकलो असतो. ती फक्त दोन गोष्टी ताडून पाहत होती, जसं मी तिला शिकवलं होतं, आणि त्या दोन्ही तिला सारख्याच दिसत होत्या. शपथ घ्यायचं माझ्या मनात आलं. माझ्या शपथेची किंमत तिच्यासमोर काय असणार? धनेशला विचार म्हणालो असतो, तर त्याने तिला तेच सांगितलं असतं जे मी त्याला सांगितलं होतं. नोटेचे तुकडे कधीच कचऱ्याच्या गाडीत गेले होते. वही होती, पण वहीतला नंबर दोन्ही गोष्टींशी जुळत होता. खऱ्याशीही आणि माझ्या खोट्याशीही. मी ते खोटं तेवढ्याच काळजीने बेतलं होतं.

"जाऊ का गुरुजी? आई वाट बघत असेल."

"जा."

त्यानंतर मी खूप प्रयत्न केले. तिला सोपी गणितं दिली, शाबासकी दिली, फळ्यावर मुद्दाम चुका करून पाहिल्या. नऊ सक त्रेपन्न लिहिलं आणि खडू हातात धरून वाट पाहत उभा राहिलो. मागच्या रांगेतला एक मुलगा "चुकलं!" म्हणून ओरडला. नेत्राने तोवर वहीत त्रेपन्न उतरवून घेतलं होतं.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत जवळ आली तेव्हा मी तिला जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला दिली. तासाभराने ती कागद घेऊन टेबलाशी आली. प्रत्येक गणिताखाली दोन उत्तरं होती, शेजारी शेजारी, फिक्या पेन्सिलीने लिहिलेली. प्रत्येक ठिकाणी त्यातलं एक बरोबर होतं.

"यातलं कुठलं?" तिने विचारलं.

"तुला कुठलं वाटतं?"

"तुम्ही सांगा."

मी थांबलो. तीही थांबली. बाहेर रिक्षावाले धामणकर नाका, धामणकर नाका ओरडत होते. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. शेवटी मी लाल पेन घेतलं आणि एकेका बरोबर उत्तरावर खूण करत गेलो. वीस गणितं, वीस खुणा. तिने कागद घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला, मान हलवली, आणि जागेवर जाऊन बसली. खूण नसलेली उत्तरं तिने पुसली नाहीत. ती तशीच राहू दिली.